बीसीएम बदलायच्या आधी कार्पेट उचल

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, ७० हजार किलोमीटर झालेत, पावसाळा लागल्यापासून वायपर मनाला येईल तेव्हा एक फेरी मारतोय, सेंट्रल लॉक चालत्या गाडीत खटखट करतंय, उजवा इंडिकेटर कधी लागतोय कधी नाही, आणि दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारत नाही. वर्कशॉपवाल्यांनी स्कॅनर लावला, बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे बीसीएम गेलंय म्हणाले आणि २८ हजारांचं कोटेशन हातात दिलं. बाजारात सेम नंबरचं जुनं ५ हजारात मिळतंय, ते आणून घरीच बसवलं तर चालेल का दादा?

नाही चालणार भावा. म्हणजे बसेल, कपलर म्हणजे वायरींचे प्लग पण खट्कन लागतील, पण गाडी चालू होईल का ते सांगता येत नाही, आणि झालीच तरी चार महिन्यांनी परत हेच रडगाणं घेऊन येशील. मी कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, बावीस वर्षं झाली, आणि माझ्याकडे "बीसीएम गेलंय" म्हणून ज्या गाड्या आल्या त्यातल्या अर्ध्याअधिक गाड्यांत बीसीएम बिचारं ठणठणीत होतं. ज्यात खरंच गेलं होतं त्यातही ते आपणहून गेलं नव्हतं, कुणीतरी मारलं होतं. पाण्याने, लूज अर्थने (म्हणजे गाडीच्या पत्र्याला आवळलेली निगेटिव्हची वायर ढिली पडल्याने), नाहीतर आपल्याच एखाद्या ॲक्सेसरीवाल्या भावाने.

आधी हे युनिट करतं काय ते समजून घे म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. जुन्या ॲम्बॅसॅडर-पद्मिनीत हेडलाईटचा सगळा करंट त्या बटणातून जायचा, बटण गरम व्हायचं, वास यायचा, आपण बटण बदलायचो, विषय संपला. आता बटण फक्त निरोप देतं. तू इंडिकेटरची दांडी वर केलीस की बारीकसा सिग्नल बीसीएमला जातो, बीसीएम ठरवतं की बरं आता उजवीकडचे बल्ब लावायचे, आणि मग आतला ट्रान्झिस्टर किंवा रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, चालू करून करंट सोडतं. इंडिकेटर, हॉर्न, वायपर, दरवाज्याचं लॉक, आतला दिवा, मागच्या काचेचा डिफॉगर, कितीतरी गाड्यांत इमोबिलायझर म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी सोय सुद्धा, सगळा कारभार एकाच डब्यात. गावच्या तलाठ्यासारखं झालं, सही त्याची लागतेच. त्यामुळे गावात काहीही अडलं की नाव तलाठ्याचंच.

आणि म्हणूनच तुझ्या चार तक्रारी एकत्र बघून वर्कशॉपवाल्याने डोळे झाकून बीसीएम म्हणलं. त्याचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. चार वेगवेगळी कामं एकदम बिघडली की संशय मधल्या डब्यावर जातोच. पण त्या चारही गोष्टींना अजून एक गोष्ट सामाईक आहे, ती म्हणजे त्या डब्याला मिळणारा सप्लाय आणि अर्थ. तलाठी जागेवर आहे पण ऑफिसात लाईटच नाही, मग काय करणार तो.

म्हणून सुरुवात बॅटरीपासून. हसू नको. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काहीही चालू न करता बॅटरीला मल्टिमीटर लाव, १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ दिसला तर बॅटरी अर्धी रिकामी आहे. सेल्फ मारताना कुणालातरी मीटरकडे बघायला सांग, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी म्हातारी झालीय. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ मध्ये यायला पाहिजे. व्होल्टेज असं खाली पडलं की ही युनिटं भांबावतात, रीसेट होतात, लॉक खटखट करतंय ते त्यातूनही होऊ शकतं, आणि मेमरीत दोषांचे डझनभर कोड पडून राहतात. ते कोड वाचून युनिट बदलायला निघणं म्हणजे तापाचा आकडा बघून थेट ऑपरेशन.

बॅटरी बरी निघाली तर अर्थ बघ. इथे माझी एक गाडी सांगतो. एक साहेब आले, गाडीचं बीसीएम बाहेर एकदा नवीन टाकून झालेलं, पैसे गेलेले, दोष तसाच. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर इंडिकेटरचा बाण मंद पेटायचा आणि पाऊस असो नसो वायपर अर्ध्यात थांबायचा. मी विचारलं, ॲक्सिडेंट वगैरे झालाय का? नाही म्हणाले. मग दोन मिनिटांनी आठवलं, डाव्या बाजूला घासली होती म्हणून डेंटिंग-पेंटिंग केलं होतं. किक पॅनल काढलं, म्हणजे पाय ठेवतो तिथलं बाजूचं प्लास्टिक, आत पत्र्याला अर्थचा बोल्ट, १० च्या पान्याचा. बाहेरून एकदम चकाचक. सोडला तर खाली पेंटरने मारलेला रंग, आणि त्या रंगावर अर्थचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, नुसता टेकवून आवळलेला. हेडलाईट, डिफॉगर, ब्लोअर सगळं चालू करून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि एक त्या लगला लावली होती तेव्हा १.८ व्होल्ट दाखवत होता. तिथे ०.१ च्या वर दिसायलाच नको. पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस. झालं. साहेब म्हणाले, एवढंच? त्यांना खरं तर राग आला होता, माझा नाही, आधीच्या बिलाचा. जुनं बीसीएम त्यांनी सोबत आणलेलं, ते परत लावून बघितलं तर तेही चाललं असतं असं माझं मत आहे पण त्यांनी लावू दिलं नाही.

तर लक्षात घे, अर्थ नेहमी लोडवर तपासायचा, सगळं चालू ठेवून. आणि सप्लाय पण तसाच. बीसीएमला एकच वायर येत नाही, वेगवेगळ्या फ्यूजमधून तीन-चार तरी येतात, लॉकची वेगळी, लाईटची वेगळी, कायमची एक, इग्निशनची एक. लोक काय करतात, मीटर लावतात, १२ दिसला की ओके म्हणतात. मीटर करंट काहीच ओढत नाही रे, त्याला आतून कुजलेल्या वायरच्या एका धाग्यावर पण १२ दिसतो. मी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प म्हणून वापरतो. तो पावणेदोन अँपियर ओढतो. लख्ख पेटला तर वायर खरी, मंद पेटला तर कुठेतरी वाट अडलीय. मात्र हा बल्ब फक्त जाड सप्लायच्या वायरीवर, सिग्नलच्या बारीक वायरींवर किंवा एअरबॅगच्या पिवळ्या कपलरच्या जवळपास सुद्धा न्यायचा नाही.

आता तुझा वायपर. बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगखालच्या त्या दांडीत, ज्याला आम्ही कॉम्बिनेशन स्विच म्हणतो, वेगवेगळ्या किमतीचे रेझिस्टन्स असतात, आणि बीसीएम किती रेझिस्टन्स दिसतोय त्यावरून ओळखतं की ग्राहकाला एक फेरी पाहिजे, हळू पाहिजे की जोरात. स्विचमध्ये ओल शिरली, धूळ-ग्रीसचं मिश्रण साचलं की मधलाच काहीतरी आकडा जातो आणि वायपर आपोआप फेरी मारतो. बीसीएमने जे ऐकलं ते केलं. हे ओळखायला चांगला स्कॅनर पाहिजे, लाईव्ह डेटा दाखवणारा. दांडी बंद आहे आणि स्क्रीनवर वायपर स्विच चालू दिसतोय, अशा वेळी स्विचचा कपलर काढून बघायचा. काढल्यावर स्क्रीनवर बंद झालं तर दोषी स्विच. उलट स्क्रीनवर स्विच बंदच आहे आणि वायपर तरी फिरतोय, तर मग बीसीएमचा आउटपुट किंवा पुढचा रिले चिकटतोय. दोन मिनिटांचं काम आहे हे, पण कोटेशन बनवायला त्याहून कमी वेळ लागतो ना.

स्कॅनरमध्ये अजून एक सोय असते, ॲक्टिव्ह टेस्ट किंवा ॲक्च्युएटर टेस्ट. त्यातून बीसीएमला सांगायचं की उजवा इंडिकेटर लाव. लाईव्ह डेटात स्विच बरोबर दिसतोय, टेस्टमध्ये हुकूम पण गेला, कपलरवर त्या पिनला सप्लाय येत नाही, आणि बल्बपर्यंतची वायर वेगळी तपासली तर शॉर्ट पण नाही तुटलेली पण नाही. एवढं सगळं जुळलं तरच मी गिऱ्हाईकाला सांगतो की साहेब, युनिटचा तो आउटपुट मेलाय. त्याच्या आधी तोंडातून तो शब्द काढत नाही.

ते ब्लूटूथवालं स्वस्तातलं डोंगल असेल तुझ्याकडे तर ते इथे बहुतेक कामाला येणार नाही, ते इंजिनचे कोड वाचतं, बीसीएमच्या घरात त्याला कुणी घेत नाही. यू ने सुरू होणारे कोड दिसले, उदाहरणार्थ यू०१४०, तर त्याचा अर्थ बीसीएमशी बोलणं तुटलं एवढाच आहे. बीसीएम मेलंय असा नाही. फोन लागला नाही म्हणजे माणूस गेला असं नसतं, रेंज पण बघावी लागते.

ही रेंज म्हणजे कॅन लाईन. बॉशने १९८६ मध्ये आणलेली पद्धत, पिळलेल्या दोन वायरींवर गाडीतली सगळी युनिटं एकमेकांशी बोलतात. ती तपासायला फार शहाणपण लागत नाही. बॅटरीचं टर्मिनल काढून पाच मिनिटं थांब, स्टेअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मीटर ओहमवर लाव. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टन्स असतात, त्यामुळे ६० च्या आसपास दिसायला पाहिजे. १२० दिसला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ दिसला तर दोन वायरी एकमेकीला चिकटल्यात. टर्मिनल परत लावून इग्निशन चालू केलंस की एका वायरीवर अडीचच्या जरा वर आणि दुसरीवर अडीचच्या जरा खाली व्होल्टेज दिसेल. काही गाड्यांत या सॉकेटच्या मागे गेटवे म्हणजे निरोप पुढे देणारं मधलं युनिट असतं, तिथे हे आकडे फक्त तेवढ्याच तुकड्याचे कळतात. तेवढं ध्यानात ठेव.

आता बॅटरी उतरण्याचं बघू. तुझ्या गाडीची बॅटरी ३५ अँपियर-अवरची असेल. अडीच दिवसांत म्हणजे ६० तासांत त्यातले २० अँपियर-अवर गेले तरी सेल्फ अडतो. हिशोब मांड, २० भागिले ६०, म्हणजे ३३० मिलीअँपियरच्या आसपास काहीतरी सारखं खातंय. झोपलेली गाडी ५० मिलीअँपियरच्या आत राहायला पाहिजे. हे मोजताना लोक एक चूक करतात, मीटर सिरीजमध्ये, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल काढून ते आणि बॅटरी यांच्या मध्ये, लावला की लगेच आकडा वाचतात. अरे, युनिटं झोपायला वीस मिनिटं, अर्धा तास घेतात. बॉनेट उघडं ठेव, दरवाजा उघडा ठेवून त्याच्या लॉकच्या जिभेला स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत दाब म्हणजे गाडीला वाटेल दरवाजा लागलाय, चावी लांब ठेव, चहा पिऊन ये, मग आकडा वाच. आणि काम झाल्यावर ती जीभ हँडल ओढून परत मोकळी कर, नाहीतर दरवाजा तसाच आपटशील आणि लॉक मोडेल. माझ्या पोराने मोडलंय एकदा.

आणि फ्यूज काढून काढून बघू नको, फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि आकडा परत उड्या मारतो. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्यावर मीटर मिलीव्होल्टवर लाव. ज्या फ्यूजवर काहीतरी आकडा दिसेल त्यातून करंट जातोय. बऱ्याचदा निघतं काय, दरवाज्याच्या लॉकमधला स्विच खराब, बीसीएमला वाटतं दार उघडं आहे, मग ते रात्रभर जागत बसतं. चालत्या गाडीत लॉक खटखटतंय म्हणालास ना, तो पण याच स्विचचा भाऊ असू शकतो. आणि तू प्रश्नात शेवटी हळूच लिहिलंयस की मागच्या वर्षी बाहेरून फॉग लॅम्प, मोठी म्युझिक सिस्टीम आणि १००/९० वॉटचे हेडलाईटचे बल्ब टाकलेत. ते वाचल्यावर मी चष्मा पुसला.

कंपनीचा एच४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. १२ व्होल्टला ५ अँपियर. १०० वॉटचा म्हणजे ८ च्या वर. दोन बल्ब धरले तर सहा-सात अँपियर जास्तीचा बोजा, आणि तो सगळा त्या डब्यातल्या ट्रान्झिस्टरवर, वायरींवर, कपलरवर. हल्लीच्या युनिटांत फ्यूज उडायच्या आधी ट्रान्झिस्टर स्वतःच हात वर करतो, बंद होतो, थंड झाला की परत चालू. लोकांना वाटतं भुताटकी. रोज रोज असं झालं की एक दिवस तो कायमचा झोपतो, नाहीतर कपलरची पिन तपकिरी होऊन प्लास्टिक वितळतं. जास्त उजेड पाहिजे असेल तर बॅटरीवरून वेगळी वायर, फ्यूज आणि रिले टाकून घ्यायचा होता. इंडिकेटरला एलईडी टाकले तर उलटं होतं, करंट इतका कमी जातो की बीसीएमला वाटतं बल्ब उडालाय आणि इंडिकेटर टकाटक पळत सुटतो. फॉग लॅम्पची वायर कुठून घेतलीय ते उघडून बघ, पार्किंगच्या वायरीचं साल सोलून, पीळ मारून, काळी टेप गुंडाळलेली असेल असं मी पैजेवर सांगतो. पावसात ती टेप सुटते.

या सगळ्यात कुठेच दोष सापडला नाही तर मग डबा बाहेर काढायची वेळ येते. पण त्याही आधी पाणी. पावसाळा लागल्यापासून म्हणालास, म्हणून मला सगळ्यात जास्त संशय पाण्याचाच आहे. बऱ्याच गाड्यांत बीसीएम डॅशबोर्डखाली, पायापाशी बाजूला असतं, आणि तिथे पाणी यायच्या दोन-तीन ठरलेल्या वाटा आहेत. पुढच्या काचेखाली जी जाळी असते, तिथे झाडाचा पाला साचतो, पाणी जायची भोकं बुजतात, आणि मग पाणी ब्लोअरच्या किंवा वायरिंगच्या रबरी ग्रोमेटच्या वाटेने आत उतरतं. वायर धरून थेंब थेंब, सरळ कपलरमध्ये. दुसरी वाट एसीची ड्रेन पाईप, ती चोंदली की एसीचं पाणी आत पायात. तिसरी म्हणजे बदललेली पुढची काच, सीलिंग नीट न केलेली.

आमच्याकडे २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आणि परत २०२१ च्या जुलैनंतर अशा गाड्यांची रांग लागली होती. पुरातल्या गाड्यांचं एक वाईट असतं, पाणी ओसरल्यावर धुऊन-पुसून चालू होतात, लोक विकून पण टाकतात, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पिनांना हिरवी बुरशीसारखी पूड चढते. तू ही गाडी सेकंडहॅण्ड घेतली असशील तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, एरवी गुंडाळून आत राहणाऱ्या पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते, ती धुवायला कुणाच्या लक्षात राहत नाही.

डबा काढताना चावी खिशात, इग्निशन बंद, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रायव्हरच्या दाराची काच खाली करून ठेव. मग निगेटिव्ह टर्मिनल काढ. लॉकला सप्लाय नाही, चावी आत, दारं लागलेली, अशी फजिती मी बघितली आहे, आणि बऱ्याच गाड्यांची डिकी पण करंटवरच उघडते. टर्मिनल काढल्यावर पाच-एक मिनिटं थांब, एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. कपलरला लिव्हर असते, ती फिरवली की कपलर आपोआप वर येतो, वायरी धरून ओढायचा नाही. काढायच्या आधी मोबाईलवर चार फोटो काढ. पिना उजेडात बघ, हिरवट, काळपट, वाकलेली कुठली आहे का.

हिरवं दिसलं तर घाबरू नको. उलट मी तर म्हणेन बरं झालं. बहुतेक डबे क्लिपवर उघडतात. आतला बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करायचा, नीट वाळू द्यायचा, भिंगाखाली रिलेच्या आणि कपलरच्या पायांचे सोल्डर बघायचे, गोल चीर पडलेली असते बऱ्याचदा, ती परत सोल्डर केली की युनिट उठून बसतं. हे काम घरी जाड सोल्डरिंग गनने करू नको, बोर्ड रिपेअरवाला आता बहुतेक मोठ्या गावात असतो. माझी पसंती नेहमी याला आहे, आधी आपलाच बोर्ड दुरुस्त. पैसे वाचतात हे आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. आपल्या बोर्डात आपल्या गाडीची ओळख असते.

आणि इथे तुझ्या ५ हजारवाल्याचं उत्तर येतं. तुझ्या चावीत बिनबॅटरीची एक चिप असते. सेल्फच्या कुलपाभोवती एक कॉइल असते, ती चिपला जागं करते, चिप आपला नंबर सांगते, तो जुळला तर इमोबिलायझर इंजिनच्या ईसीयूला म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला परवानगी देतो. ज्या गाड्यांत हे काम बीसीएममध्ये आहे तिथे दुसऱ्या गाडीचं बीसीएम लावलंस तर ते तुझ्या चावीला ओळखत नाही आणि तुझा ईसीयू त्याला ओळखत नाही. गाडी एक-दोन सेकंद चालू होऊन बंद पडेल, नाहीतर होणारच नाही, वर डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह डोळे मारत बसेल. काही जुनी युनिटं आधीच्या गाडीच्या चॅसिस नंबरला एकदा बांधली की रिकामी करताच येत नाहीत. जुन्या बोर्डावरच्या मेमरी चिपमधला डेटा काढून दुसऱ्यावर टाकणारे लोक आहेत, काम होतं पण, फक्त तुझा जुना बोर्ड वाचण्याइतका जिवंत पाहिजे आणि करणारा माणूस ओळखीचा पाहिजे. कारण बाजारातलं ते बीसीएम कुठल्या गाडीचं आहे, भंगारातलं की चोरीतलं, त्याचं बिल मिळतं का, हे तू विचारलंयस का? काही गाड्यांत किलोमीटरचा आकडा पण या डब्यात साठवलेला असतो, तो इकडे-तिकडे झाला तर गाडी विकताना तुझ्यावर मीटर फिरवल्याचा आळ. बिलाशिवायचं घेऊच नको.

नंबर सेम आहे म्हणालास, तो शेवटच्या अक्षरापर्यंत सेम आहे का बघ. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरियंटचं बीसीएम बाहेरून जुळी भावंडं असतात, एकाला मागचा वायपर माहीत असतो, दुसऱ्याला नाही.

नवीनच टाकायचं ठरलं तर काम कुणाकडून करून घ्यायचं ते युनिटच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं. जुनं युनिट स्कॅनरला बोलत असेल तर आधी त्यातलं कॉन्फिगरेशन वाचून सेव्ह करायचं, मग हात लावायचा. गाडीचा सिक्युरिटी कोड लागतो, तो चॅसिस नंबरवरून कंपनीकडून मिळतो, त्यासाठी आरसी आणि ओळखपत्र मागतात, मागायलाच पाहिजे. असतील तेवढ्या सगळ्या चाव्या घेऊन जा. बऱ्याच गाड्यांत चावी मॅचिंग करताना समोर नसलेली चावी मेमरीतून पुसली जाते, मग कपाटातली दुसरी चावी फक्त दार उघडायच्या कामाची राहते.

आणि कोडिंग, म्हणजे नवीन युनिटमध्ये गाडीची माहिती भरणं, चालू असताना बॅटरीला बाहेरून स्थिर सप्लाय. दहा-बारा वर्षांपूर्वी मी हे ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईकाला घाई, बॅटरी १२.१ दाखवत होती, म्हणलं पाच मिनिटांचं तर काम आहे. इग्निशन चालू, त्याबरोबर ब्लोअर चालू, कुणी बंद केला नाही, प्रोग्रॅमिंग ८०-८२ टक्क्यांवर आलं आणि स्क्रीनवर कम्युनिकेशन तुटल्याचा मेसेज. परत काही ते युनिट बोललं नाही. नवंकोरं होतं, खोक्याचा थर्माकोल अजून बाकावर पडलेला. दुसरं मी माझ्या खिशातून आणलं, त्या महिन्यात घरी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून स्थिर १३.५ व्होल्ट देणारा सप्लाय लावल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही, साधा बॅटरी चार्जर पण नाही चालत, त्याचा करंट उड्या मारतो. लॅपटॉप पण चार्जिंगला, ब्लोअर, लाईट, टेप बंद.

बसवून झाल्यावर गाडी चालू झाली म्हणून पैसे देऊन निघू नको. एक-एक गोष्ट स्वतः चालवून बघ, चारी इंडिकेटर, हॅझर्ड, ब्रेक, रिव्हर्स, नंबर प्लेटचा दिवा, हॉर्न, वायपरचा प्रत्येक स्पीड, वॉशर, डिफॉगर, पाचही दारं, दोन्ही चाव्यांनी. काच एका झटक्यात वर जायची सोय असेल तर ती विसरलेली असते, काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-चार सेकंद धरून ठेवलं की बऱ्याच गाड्यांत परत शिकते. कोड पुसून थोडं चालवून परत स्कॅन. आणि ते ३३० मिलीअँपियर परत मोजायला लाव, अर्धा तास थांबून. ते तसंच असेल तर तुझे २८ हजार चुकीच्या दारात गेले.

कोटेशनवाल्यांना रागावून बोलू नको, फक्त एक विचार, की कुठल्या पिनचा आउटपुट मेलाय आणि त्या पिनपर्यंतचा सप्लाय आणि अर्थ लोडवर किती भरला. जो तपासतो त्याच्याकडे आकडा असतो, तो लगेच सांगेल. आणि पाण्यानेच गेलंय असं निघालं आणि इन्शुरन्स फुल असेल तर डबा उघडायच्या आधी त्यांना कळव, सर्व्हे झाल्यावरच हात लाव, क्लेम बसेल का ते पॉलिसीवर आहे.

पण हे सगळं नंतर. उद्या सकाळी ऑफिसला निघायच्या आधी ड्रायव्हर साईडचं आणि शेजारच्या सीटचं मॅट बाजूला कर, कार्पेटचा कोपरा उचल आणि खालचा जाड नमदा मुठीत धरून पीळ. वरून कोरडा लागतो, पाणी खालच्या थरात असतं. पाणी निघालं तर त्या दिवशी गाडी धुवायला देऊ नको, आधी काचेखालच्या जाळीतला पाला काढ, आणि मग नळी लावून एक जण पाणी सोडा, एक जण टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घाला. कुठल्या वायरीवरून थेंब उतरतोय ते दिसलं की मला सांग.